टोपली, मडकं आणि काचेची केबिन: साप हातात घेण्याची आपली गोष्ट

मी गोंदियातून बोलतोय.

काही दिवसांपूर्वी आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा मूळचा आमगावकडचा, आता पुण्यात शिकतो. त्याच्या रूममेटने बॉल पायथन पाळलाय. प्रश्न साधाच होता: "दादा, साप पेटीतून बाहेर काढून हातात घ्यायचा असेल तर सेफली कसा घ्यायचा? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो."

मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. सर्पमित्र नाही, डॉक्टरही नाही. पण प्रश्न डोक्यात बसला, कारण आमच्या जिल्ह्यात साप हा हौसेचा विषय कधीच नव्हता. हा धानाचा प्रदेश. पावसात रोवणी सुरू झाली की धुऱ्यावर साप, सांदवाडीत साप, तणसाच्या ढिगाखाली साप. धानामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. त्यात पूर्व विदर्भात महाराष्ट्राच्या इतर भागांत सहसा न दिसणारी पट्टेरी मण्यारही आहे. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, जाडजूड, दिसायला देखणी आणि जहाल विषारी.

हा विषय किती गंभीर आहे ते एका आकड्यावरून कळतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक लोक खेड्यातले. सापाला हात लावायचा त्यांचा काही इरादा नव्हता, ते शेतात होते किंवा जमिनीवर झोपले होते.

मग जे लोक मुद्दाम साप हातात घ्यायचे, त्यांनी काय केलं? त्यांच्यातले काही म्हातारे कसे झाले आणि काही का झाले नाहीत? हे शोधायला लागलो तेव्हा उत्तर इतिहासात सापडलं. आपल्याकडे साप पेटीबाहेर काढायच्या चार-पाच वेगवेगळ्या पद्धती होऊन गेल्या. प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा: साप बाहेर काढला तो कशासाठी? सापाचं काय होणार आणि माणसाचं काय होणार, हे बरंचसं या एका उत्तरावर ठरलेलं दिसतं.

गारुड्याची टोपली

तुमच्यापैकी किती जणांनी गारुडी प्रत्यक्ष पाहिलाय? माझ्या पिढीने फार कमी. आमच्या आईवडिलांच्या पिढीने मात्र आठवडी बाजारात, बसस्टँडसमोर, शाळेच्या मैदानात तो खेळ भरपूर पाहिला. वेताची चपटी टोपली, भोपळ्याची पुंगी, झाकण उघडलं की फणा काढून उभा राहणारा नाग.

लोकांना वाटायचं नाग पुंगीवर डोलतो. सापाला बाहेरचा कान नसतो. त्याचं लक्ष असतं हलणाऱ्या वस्तूवर. समोर पुंगीचं टोक डावीकडे गेलं की नाग डावीकडे वळतो, कारण त्याच्या दृष्टीने तो धोका आहे आणि धोक्यावरची नजर हटवायची नसते. आपण ज्याला नाच म्हणत होतो, तो त्या जनावराचा बचावाचा पवित्रा होता.

गारुड्याला आणखी एक गोष्ट पक्की माहीत असायची. फणा काढलेला नाग साधारण जितका उभा राहिलाय तितक्याच अंतरापर्यंत पुढे झेप घेऊ शकतो. त्यामुळे गारुडी बरोबर त्या अंतराच्या बाहेर बसायचा. ही खरी विद्या होती, पिढ्यानपिढ्यांच्या निरीक्षणातून आलेली.

पण खेळ रोजचा, गर्दी जवळ आणि पोट त्याच्यावर. फक्त अंतरावर भरवसा ठेवून धंदा चालत नव्हता. म्हणून अनेकदा दुसरा उपाय व्हायचा: सापाचे विषदंत उपटणं, विषग्रंथी काढणं, काही वेळा तोंडच शिवून टाकणं. मग तो साप खाऊ शकत नाही. जखम चिघळते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो मरतो आणि टोपलीत नवा नाग येतो. नागपंचमीला दूध "पिणारा" नाग हा बहुतेक वेळा असाच तहानेने व्याकूळ केलेला असायचा. दूध हे सापाचं अन्नच नाही.

म्हणजे टोपलीबाहेरचा साप सुरक्षित करायची ही पहिली पद्धत: सापच मोडून टाकायचा. आणि तीसुद्धा पूर्ण सुरक्षित नव्हती. सापाचे विषदंत पुन्हा येतात. आज निर्धोक वाटणारा नाग काही दिवसांनी तसा राहीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा धंदा कायद्याच्या बाहेर गेला. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे बोलायला हवी. सापांचं भलं झालं, पण ज्या भटक्या कुटुंबांकडे हे ज्ञान होतं त्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कुणी विचारला नाही. एका राज्यात तो विचारला गेला. तिकडे थोड्या वेळाने येऊ.

शिराळ्याचं मडकं

आता गोंदियाहून थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा. नागपंचमीचं गाव म्हणून सगळ्या देशाला माहीत असलेलं.

गावात आख्यायिका अशी सांगतात. गोरक्षनाथ भिक्षेला आले होते. एका घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करण्यात गुंतली होती, म्हणून भिक्षा द्यायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नागाची पूजा सुरू झाली.

पद्धत कशी होती बघा. पंचमीच्या काही दिवस आधी गावातली पोरं गट करून रानात जायची. बांध, बिळं, वारुळं धुंडाळून नाग पकडायची. विषदंत काढायचे नाहीत. नाग मडक्यात ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. सणाच्या दिवशी घरोघर पूजा, अंबामातेच्या देवळात दर्शन, मग मिरवणूक. सण झाला की नाग परत रानात.

गारुड्याच्या टोपलीशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. इथे साप धडधाकट होता. तो गावाचा पाहुणा होता, बायका त्याला भाऊ मानून ओवाळायच्या. मडकं आणि फडकं हीसुद्धा हुशारीची व्यवस्था आहे. अंधार आणि अरुंद जागा मिळाली की साप शांत होतो. आजचे सर्पमित्र कापडी पिशवी वापरतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

मग बिघडलं कुठे? मडक्यातून साप बाहेर काढायचं कारण हळूहळू बदलत गेलं. पूजेच्या जोडीला स्पर्धा आल्या. कुणाचा नाग सर्वात लांब, कुणाचा नाग सर्वात उंच फणा काढतो. फणा उभा राहावा म्हणून समोर काहीतरी सतत हलवत राहायचं, म्हणजे तासन्‌तास त्या जनावराला डिवचायचं. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरून मिरवणुका, कर्ण्यांचा आवाज, हजारोंची गर्दी, कॅमेरे. पूर्वी एका घरापुरतं असलेलं दर्शन आता तमाशा झालं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००२ मध्ये जिवंत नाग पकडण्यावर, त्यांच्या खेळांवर बंदी आली. पुढची बरीच वर्षं वाद चालू होता. गावाला वाटत होतं आपली श्रद्धा हिरावली जातेय. प्राणीमित्रांना वाटत होतं आदेश कागदावरच आहे. हळूहळू अंमलबजावणी कडक झाली आणि शिराळ्यात नागाच्या प्रतिमांची पूजा होऊ लागली. मातीच्या नागापासून सुरू झालेली गोष्ट पुन्हा मूर्तीपाशी आली. २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मोजके नाग पकडायला परवानगी दिली, पण कारण ठरवून: पारंपरिक ज्ञान आणि सापांविषयीचं शिक्षण पुढच्या पिढीला देण्यासाठी.

म्हणजे सरकारी कागदावरही शेवटी प्रश्न तोच आला. साप बाहेर काढताय तो कशासाठी?

विषासाठी धरलेला हात

आता एक कारण असं बघू, ज्यात सापाला खरोखर हातात धरावंच लागतं.

१८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ अल्बेर काल्मेत यांनी सर्पदंशावरचं औषध तयार केलं. तत्त्व आजही तेच आहे: घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या प्रमाणात द्यायचं, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, त्यातून औषध बनतं. आपल्याकडे जे औषध वापरतात ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. पण त्यासाठी आधी विष पाहिजे, आणि विष मिळवायला जिवंत साप.

मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा म्हणून तिथे काम सुरू केलं, १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. पुढे सर्पविष आणि त्यावरचं औषध हे या संस्थेचं मोठं काम झालं. इथलेच डॉ. पी. जे. देवरस. त्यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढलं. साप म्हणजे देव किंवा वैरी, यापलीकडे तो एक प्राणी आहे हे सामान्य वाचकाला सांगणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत ते येतं.

आणि आता ते राज्य, जिथे पोटाचा प्रश्न विचारला गेला: तामिळनाडू. तिथली इरुला जमात पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी. आधी ते कातड्याच्या व्यापारासाठी साप पकडायचे. तो व्यापार बंद झाला आणि हाताला काम उरलं नाही. तेव्हा मद्रास स्नेक पार्क उभा करणारे रोम्युलस व्हिटेकर आणि इरुला लोक यांनी मिळून १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली. सरकारी परवान्याने ठरावीक संख्येतच साप पकडायचे, मातीच्या मडक्यांत ठेवायचे, काही आठवड्यांत मोजक्या वेळा विष काढायचं आणि साप परत रानात सोडायचे.

पुन्हा मडकंच! पण इथे साप मडक्याबाहेर किती वेळ असतो? विष काढण्यापुरता. डोक्यामागे धरला, भांड्यावर ताणलेल्या पडद्यावर दात रोवले, विष उतरलं, साप परत मडक्यात. टाळ्या नाहीत, स्पर्धा नाही. भारतात सर्पदंशाचं औषध बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारं विष प्रामुख्याने याच संस्थेकडून येत आलंय. गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात रोवणीच्या दिवसांत एखाद्या मजूर बाईला औषध चढतं, तेव्हा त्या बाटलीमागे दूर तामिळनाडूतल्या कुणा इरुला माणसाचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. या जमातीतले वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन २०१७ मध्ये फ्लोरिडाच्या दलदलीतले बर्मीज अजगर शोधून द्यायला अमेरिकेला गेले होते. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

७२ साप, ७२ तास

आता माझी आवडती गोष्ट. जानेवारी १९८०, पुणे. २८ वर्षांचा एक तरुण काचेच्या केबिनमध्ये शिरला. आत ७२ साप. नाग, घोणस आणि आमच्याकडची ती पट्टेरी मण्यारसुद्धा. तो ७२ तास आत राहिला आणि धडधाकट बाहेर आला.

त्यांचं नाव नीलिमकुमार खैरे. त्याआधी ते माथेरानला नोकरीला होते. तिथे साप निघाला की लोक मारायचे. यांना ते पटेना, म्हणून ते पकडून रानात सोडायला लागले. लोकांना एक गोष्ट दाखवून द्यायची होती: साप उगाच अंगावर येत नाही. त्याला डिवचलं, दाबलं, कोंडीत पकडलं तरच तो चावतो.

हा प्रसंग लोक "काय डेअरिंग!" म्हणून सांगतात. माझ्या मते त्यातली खरी शिकवण वेगळी आहे. खैरे त्या तीन दिवसांत सापांशी खेळत नव्हते. झटापट नाही, फणा काढायला लावणं नाही. साप अंगावर चढला तर शांतपणे, हलक्या हाताने बाजूला करायचा. पेटीबाहेरच्या सापाजवळ माणसाने कसं वागायचं, याचा तो ७२ तासांचा धडा होता: हालचाल कमी, घाई शून्य.

यापुढे त्यांनी काय केलं हे जास्त महत्त्वाचं. १९८६ मध्ये पुणे महापालिकेच्या साथीने कात्रजचा सर्पोद्यान उभा राहिला. सहलीला गेलेल्या लाखो पोरांनी तिथे काचेपलीकडचा साप न घाबरता पाहिला. 'सर्पमित्र' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला त्यामागे खैरे आणि त्यांच्यासारख्या माणसांचं काम आहे.

पण विक्रमाची एक अडचण असते. लोकांच्या लक्षात विक्रम राहतो, त्यामागचा संयम राहत नाही. पुढच्या पिढीतल्या काहींनी त्यातलं शौर्य तेवढं उचललं.

हुक, पाईप, पिशवी

इथून गोष्ट आपल्या काळात येते, आणि जरा कडवट होते.

जुलै २०२५. मध्य प्रदेशातल्या गुणा जिल्ह्यात साप पकडणाऱ्या एका माणसाने नाग पकडला, गळ्यात घातला आणि बाईकवरून मुलाला शाळेतून आणायला निघाला. त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नाग चावला. माणूस गेला. साप पकडताना तो चुकला नव्हता. पकडल्यावर तो नाग पिशवीत नव्हता, गळ्यात होता.

जानेवारी २०२२. केरळचे प्रसिद्ध सर्पमित्र वावा सुरेश. हजारो साप पकडलेला माणूस. नाग गोणीत भरताना मांडीला दंश झाला. कित्येक दिवस रुग्णालयात काढून ते वाचले. केरळच्या वन विभागाने २०२० मध्येच नियम आणले होते: प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राशिवाय साप पकडायचा नाही. पद्धतही ठरवून दिली. हुकाने साप पाईपाच्या तोंडाकडे वळवायचा. पाईपाच्या दुसऱ्या टोकाला काळी पिशवी. साप अंधार शोधत आपणहून आत जातो. हाताचा स्पर्शच नाही. सोबत 'सर्प' नावाचं ॲप. घरात साप निघाला की त्यावर कळवायचं, जवळचा प्रशिक्षित माणूस येतो. आयटीवाला म्हणून मला हे ॲप आवडतं, पण खरी कमाल त्या पाईपाची आहे. पाच-पन्नास रुपयांची वस्तू माणसाचा हात सापापासून दूर ठेवते.

आता तिसरा प्रसंग, आणि हा ऐकून मला स्वतःला धडकी भरली. जो स्लोविन्स्की हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचे सर्पतज्ज्ञ. विषारी सापांवरच त्यांचा अभ्यास. ११ सप्टेंबर २००१ ला ते उत्तर म्यानमारच्या दुर्गम जंगलात होते. सहकाऱ्याने आदल्या दिवशी पकडलेला साप पिशवीत होता. सांगितलं गेलं की बिनविषारी आहे, मण्यारसारखा दिसणाऱ्यांपैकी. त्यांनी पिशवीत हात घातला. तो साप मण्यारच होता. मदत वेळेत पोचली नाही आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

हीच गल्लत आमच्याकडे रोज होऊ शकते. आपल्या घरांत सर्रास दिसणारा बिनविषारी कवड्या आणि मण्यार. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. मण्यारचे पट्टे डोक्याजवळ अंधुक आणि शेपटीकडे स्पष्ट असतात, कवड्याचे उलट. मण्यारच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते. वाचायला सोपं. रात्री दहा वाजता मोबाईलच्या टॉर्चमध्ये, हलणाऱ्या सापावर? जगातला एक उत्तम तज्ज्ञ दुसऱ्याच्या शब्दावर विसंबला आणि गेला. तेव्हा "अरे कवड्याच आहे" म्हणून हात घालायचा नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी आजचा भाग कामी आला.

मग त्या बॉल पायथनचं काय?

श्रोत्या मित्रा, आता तुझ्या प्रश्नाकडे.

आधी कायदा. नाग, धामण, अजगर, मांडूळ असे आपले देशी साप घरात पाळता येत नाहीत. "बिनविषारी आहे, मी त्याला नीट ठेवतो" हे उत्तर चालत नाही. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, बिनविषारी, साधारण तीन ते पाच फुटांचा साप. परदेशी असला तरी तो आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्याची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नवीन घेतला असेल तर ३० दिवसांत. आणि तो आला कुठून हेही विचार. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या पुड्यांत कोंबलेले बॉल पायथन सापडले होते. तुझ्या रूममेटचा साप असा पुड्यातून आलेला नाही ना?

कागद नीट असतील तर हाताळणीकडे ये. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी इथे उपयोगी पडतात.

साप बाहेर का काढतोयस ते आधी ठरव. पेटी साफ करायची आहे, वजन करायचं आहे, तब्येत बघायची आहे, किंवा त्याला माणसाच्या स्पर्शाची हळूहळू सवय करायची आहे. ही कारणं चालतात. पाहुण्यांना दाखवणं आणि रील बनवणं ही कारणं नाहीत.

खाल्ल्यावर किमान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकून टाकतो. डोळे दुधाळ निळसर दिसायला लागले म्हणजे कात टाकायची वेळ आली. त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा असतो. तेव्हाही नाही.

हात धुऊन घे. हाताला उंदराचा वास असेल तर साप तुझ्या बोटाला जेवण समजेल. परत ठेवल्यावरही साबणाने धू, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर जास्त जप.

खोलीचं दार-खिडकी बंद, पंखा बंद, मांजर-कुत्रा बाहेर. पेटी उघडून लगेच झडप घालू नकोस. आधी हुकाने किंवा कागदाच्या सुरळीने अंगाला हलकासा स्पर्श कर. जेवणाची वेळ नाही, हे त्याला त्यातून कळतं. मग डोक्याच्या बाजूने न जाता मधल्या भागाखाली एक हात, मागच्या भागाखाली दुसरा. अंगाला आधार मिळाला की साप सैल होतो. मान दाबून धरायची नाही. ती विष काढणाऱ्यांची गरज होती, तुझी नाही. गळ्यात घालायचा नाही, चेहऱ्याजवळ न्यायचा नाही. तो गुंडाळून चेंडू झाला, तर त्याचा अर्थ "मला भीती वाटतेय" असा आहे. इंग्रजी नावातला 'बॉल' इथूनच आलाय. तेव्हा त्याला परत ठेव.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत. विदर्भात सुट्टीला साप घेऊन यायचा विचार असेल तर सोडून दे. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन माणसाला झेपत नाही, त्याला कुठून झेपणार. आणि चावलाच, तर झटका देऊन ओढू नकोस. त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढलं की तुझी कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. थोडं थांब, तो सोडतो. जखम साबणाने धू आणि डॉक्टरला दाखव. आणि तो माणसाळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. साप कुत्र्यासारखा जीव लावत नाही. त्याला फक्त सवय होते, की हा हात धोक्याचा नाही.

विषारी सापाचा दंश मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातातली अंगठी, कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून थेट औषध असलेल्या रुग्णालयात जा. बुवाकडे वाट वाकडी करायची नाही. मण्यारचा दंश कित्येकदा झोपेत होतो आणि दुखतही नाही. पहाटे पोटात दुखलं, पापण्या जड झाल्या तर अपचन समजून थांबू नका. आणि पावसाळ्यात खाली झोपणाऱ्या घरच्यांना गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी लावून द्या. हे काम आज रात्रीच होण्यासारखं आहे.

तर मंडळी, टोपलीतला नाग पोटासाठी बाहेर आला, मडक्यातला आधी भक्तीसाठी आणि मग स्पर्धेसाठी, इरुलांचा औषधासाठी, काचेच्या केबिनमधला लोकांची भीती घालवण्यासाठी. आणि आजकाल बरेच साप लाइक्ससाठी बाहेर येतात. तुमच्या गावातल्या सर्पमित्राला पुढच्या वेळी "दादा, जरा हातात धरून दाखवा ना" असं म्हणू नका. तो पिशवी बांधून निघाला की "चहा घेऊन जा" म्हणा, आणि साप सोडून आल्यावरच घ्या म्हणावं.

हा भाग आपल्या गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा, रोवणीला जाणाऱ्यांपर्यंत पोचू द्या. तुमच्याकडे मण्यारला, घोणसला काय म्हणतात तेही कळवा. दर वीस कोसांवर नाव बदलतं असं ऐकलंय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!